खेळण्यांचा संग्रह, पावसाचा मुलूख आणि खर्चाचा हिशेब

खेळण्यांच्या संग्रहाचा खर्च दुकानातल्या बिलापाशी संपत नाही. महाड-पोलादपूर भागात तर बिल हा त्या खर्चाचा फक्त डोळ्यांना दिसणारा भाग असतो. वस्तू मुंबई-पुण्याहून आणण्याचे भाडे, ती पावसाळ्याचे चार महिने ओल खाऊ न देण्याची तजवीज आणि सावित्री-गांधारी नद्यांचे पाणी घरात शिरले तर सगळेच जाण्याची जोखीम, एवढे धरले की खरी किंमत कळते. म्हणून इथल्या संग्राहकाने वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना आधी जागा मोजावी, मग पैसे, आणि वस्तू सर्वांत शेवटी निवडावी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

या भागात खेळणी जमवण्याची सवय दिवाळीच्या किल्ल्यापासून लागते. रायगड महाड तालुक्यात, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. अशा मुलुखात अंगणातला मातीचा किल्ला हा निव्वळ सुट्टीतला उद्योग राहत नाही. सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफा, घोडेस्वार, भालदार-चोपदार, शिवाय गवळण आणि वाघ ही चित्रे दरवर्षी थोडी थोडी वाढत जातात आणि बघता बघता घरात एक संग्रह उभा राहतो. त्याला संग्रह म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही, त्यामुळे त्याचा हिशेबही कुणी ठेवत नाही. पुढे मुलगा मिळवता झाला की प्लास्टरच्या मावळ्याची जागा रेझिनची कोरीव मूर्ती घेते, अंगणातल्या किल्ल्याची जागा काचेच्या पेटीतली गडाची प्रतिकृती घेते, आणि दहा-वीस रुपयांचा सौदा हजारांत जातो. सवय लहानपणची आणि रक्कम मोठेपणची, अशी ही गाठ आहे.

दुसरा प्रवाह डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, गाड्यांचा. मॅटेलच्या हॉट व्हील्स १९६८ साली बाजारात आल्या. त्याआधी लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स १९५३ पासून होत्या. १:६४ प्रमाणातली ही गाडी साधारण सात सेंटिमीटर लांब असते आणि सुटी घेतली तर तिचा भार जाणवत नाही. भार जाणवतो तो संख्येचा. त्यात १९९५ पासून हॉट व्हील्सने ‘ट्रेझर हंट’ गाड्या सुरू केल्या. मोजक्या संख्येने निघणाऱ्या या गाड्या नेहमीच्या मालात मिसळून येतात आणि एक हवी म्हणून दहा घेतल्या जातात. खेळणे विकण्याची ही युक्ती आहे हे सगळ्यांना माहीत असते, तरी हात आवरत नाही. यावर उपाय संयमाच्या उपदेशात नाही, विषय आखून घेण्यात आहे: फक्त ट्रक, फक्त भारतीय रस्त्यांवर धावलेल्या गाड्या, फक्त एका दशकातले नमुने. विषय ठरला की दुकानातल्या खुंट्यांवरच्या शंभर गाड्यांतल्या पंच्याण्णव आपोआप बाद होतात.

आता जागेचा हिशेब. तीन फूट लांब आणि एक फूट खोल अशा एका फळीवर सुट्या गाड्या तीन रांगांत लावल्या तर साठ-पासष्ट मावतात. त्याच गाड्या मूळ वेष्टणातल्या कार्डसकट उभ्या लावल्या तर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस बसतात आणि पुढचे कार्ड सोडून काही दिसतही नाही. बाजारात कार्डेड गाडीला भाव जास्त असतो, म्हणून पुण्या-मुंबईचा संग्राहक कार्ड फोडत नाही. महाडात त्याची नक्कल करण्यात फारसा अर्थ नाही. कार्ड हा कागद आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तो वाकतो, त्याला बुरशी धरते आणि प्लास्टिकचा फुगा कार्डापासून सुटतो. ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले तोच गुण दोन-तीन पावसाळ्यांत निघून जातो. इथे सुटा संग्रह शहाणपणाचा, असे या मासिकाचे मत आहे; कार्डेड जमवणाऱ्यांना ते रुचणार नाही याची कल्पना आहे.

फळी कुठे असावी, हा प्रश्न महाडात पैशाचाच आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते. खाली महाडला तिला गांधारी मिळते आणि बाणकोटच्या खाडीतल्या भरतीचा दाबही वरपर्यंत पोहोचतो. त्या रात्री शहरात तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली; त्या दुःखापुढे खेळण्यांची गोष्ट काढणेही संकोचाचे आहे. पण नियोजनाचा धडा घ्यायचाच तर तो घरातल्या भिंतीवर आहे. २००५ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा ज्या घरात आहेत, तिथे त्या खुणेच्या वर किती फळ्या बसतात, तेवढीच संग्रहाची कमाल मर्यादा. त्याखाली ठेवलेली प्रत्येक वस्तू संग्रहात नाही, नदीच्या वाटेत आहे. फळी भरली की नवे घेण्याआधी जुने काढायचे, हा नियम एकदा पाळायला घेतला की मासिक खर्चाची वेगळी मर्यादा फारशी लागत नाही.

पोटमाळा हे सोपे उत्तर वाटते, पण ते अर्धेच उत्तर आहे. पत्र्याखाली किंवा कौलाखाली एप्रिल-मे महिन्यांत इतके तापते की मऊ प्लास्टिक वाकते आणि स्टिकर सुटतात, आणि जूनमध्ये गळतीही तिथूनच सुरू होते. पहिल्या मजल्यावरची आतली भिंत, म्हणजे जिच्या बाहेरच्या बाजूला पाऊस झोडपत नाही अशी, ही सर्वांत चांगली जागा. मांडणी लोखंडी असावी, कारण लाकडी कपाटाला वाळवी लागली की ती आतल्या खोक्यांवर येतेच. पोलादपूरच्या घाटाकडच्या वाड्यांत पुरापेक्षा दरडीची भीती आणि धुक्याची ओल हे प्रश्न मोठे आहेत. जिथे पावसाळाभर जीवच मुठीत धरून राहायचे, तिथे मोठा संग्रह करूच नये, आणि केला तर तो मुंबईला राहणाऱ्या भावाकडे किंवा काकांकडे ठेवावा. चाकरमानी घरांत तेवढी सोय बहुधा असते.

ओल कोणत्या वस्तूला कशी खाते यावर देखभालीचा खर्च ठरतो. प्लास्टरची चित्रे पाणी शोषतात; त्यांचा रंग पोपडे होऊन सुटतो, म्हणून किल्ला उतरवल्यावर ती उन्हात कडक वाळवून, कागदात गुंडाळूनच ठेवायची. डायकास्ट गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्या धातूत शिशाची अशुद्धी राहिली असेल तर उबदार, दमट हवेत तो आतून तडकत आणि फुगत जातो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी आणि हॉर्नबीच्या कितीतरी वस्तू अशाच गेल्या. आजच्या मालात हे क्वचित घडते, पण जुनी गाडी भारी किंमत देऊन घेण्याआधी तिच्या पोटाकडे बारीक तडे आहेत का, हे भिंगातून पाहिलेच पाहिजे. मऊ पीव्हीसीच्या बाहुल्या आणि प्राणी बंद डब्यात चिकट होतात. बॅटरीची खेळणी सेल काढूनच ठेवायची, कारण गळलेला सेल आतले पत्रे कायमचे खातो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना ओलीपेक्षा कीड घातक.

यासाठी लागते ते सामान साधे आहे: घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणि सिलिका जेल. जेलच्या खड्यांनी ओल पिऊन रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, त्यामुळे तो खर्च एकदाच होतो. डांबराच्या गोळ्या मात्र खेळण्यांजवळ नकोत. कपड्यांच्या कपाटातली ही जुनी सवय पॉलिस्टायरीनच्या कडक प्लास्टिकला मऊ करून चिकटवून टाकते. वर्षाला खेळण्यांसाठी काढलेल्या शंभर रुपयांतले निदान पंचवीस या साठवणीसाठी आधी बाजूला काढावेत. कोरड्या प्रदेशात हे प्रमाण जास्त वाटेल, पण इथे ते कमीच आहे.

खरेदीच्या वाटा मोजक्या आहेत. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातला खेळण्यांचा बाजार किंवा पुण्याची दुकाने गाठायची तर एका फेरीत दिवस जातो आणि एसटीचे भाडे, खाणेपिणे धरून होणारा खर्च पाच-सहा साध्या गाड्यांच्या किमतीला भिडतो. हा खर्च छंदाच्या खात्यावर लिहिला जात नाही, ‘मुंबईला गेलो होतो’ या सदरात जातो. फेरी दुसऱ्या कामाला जोडूनच असावी. कुरिअर घाटातल्या वाडीपर्यंत येतेच असे नाही. पार्सल घ्यायला महाडला किंवा पोलादपूरला उतरावे लागते. चार जणांनी एकत्र मागणी नोंदवली तर पाठवणीचा खर्च वाटला जातो. लहान गावाचा एक फायदाही आहे. तालुक्याच्या दुकानांत न खपलेला जुना माल वर्षानुवर्षे वरच्या फळीवर पडून असतो. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ साली काढलेल्या फनस्कूल कंपनीची ‘जी. आय. जो’ सैनिकांची चित्रे आज परदेशी संग्राहक शोधत असतात, आणि तसा माल एकेकाळी अशाच साध्या दुकानांतून विकला गेला. छापील किमतीला मिळालेली जुनी वस्तू ही सर्वांत स्वस्त खरेदी.

कर आणि नियमही माहीत असावेत. खेळण्यांवरील आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर गेले. परदेशी संकेतस्थळावरची किंमत पाहून हुरळून जाणाऱ्याने शुल्क, पाठवणी आणि कुरिअर कंपनीची हाताळणी फी धरूनच आकडा मांडावा. उलट, इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. करासह ११२ रुपयांना पडणारी वस्तू १०५ रुपयांना पडायला हवी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. संग्राहकाला त्याचा उपयोग नकली माल ओळखायला होतो: त्या तारखेनंतरचे म्हणून विकले जाणारे खेळणे आणि खोक्यावर चिन्ह नाही, तर हात आखडता घ्यावा.

पैसे किती आणि केव्हा ठरवायचे? दिवाळीत तर मुळीच नाही. एमआयडीसीतल्या कामगाराच्या हाती बोनस असतो, शेतकऱ्याचे भात कापणीला आलेले असते, मुंबईहून माणसे आलेली असतात आणि बाजार मावळ्यांनी भरलेला असतो. त्या आठवड्यात ठरवलेला आकडा नेहमी फुगतो. वर्षाची रक्कम जूनमध्ये ठरवावी, जेव्हा शाळेची फी, वह्या-पुस्तके, बी-बियाणे आणि घराची शाकारणी एकदम अंगावर येतात. त्या महिन्यातही जी रक्कम काढून ठेवता येते, तीच छंदाला परवडणारी रक्कम. बँकेतले बारा महिन्यांचे आवर्ती खाते दिवाळीनंतर उघडले तर पुढच्या दिवाळीच्या सुमारास हाती येते. महिना ५०० रुपयांचे वर्षाला ६,००० आणि वर थोडे व्याज. भिशीचा उचललेला हप्ता मात्र या कामी लावू नये. तो पैसा आपला दिसतो, पण बहुतांशी इतरांचा असतो आणि पुढचे हप्ते भरायचे राहिलेले असतात.

क्रेडिट कार्डाचे गणित सरळ आहे. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ६,००० रुपये थकले तर महिन्याला २१० रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी. किमान देय रक्कम भरून वेळ मारून नेणारा संग्राहक दरमहा एका साध्या गाडीची किंमत बँकेला देतो आणि गाडी मात्र मिळत नाही. ‘विनाव्याज’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क असते किंवा रोख सवलत गेलेली असते. आगाऊ नोंदणीचा धोका निराळा आहे: प्रत्येक नोंदणीची रक्कम लहान असते, पण सहा वस्तू एकाच महिन्यात येऊन थडकतात. नोंदणी केली त्याच दिवशी पूर्ण रक्कम वहीत खर्ची टाकावी.

घरच्यांना खर्चाचे समर्थन म्हणून ‘ही गुंतवणूक आहे’ असे सांगितले जाते. २,००० रुपयांची वस्तू पाच वर्षांनी ३,००० ला गेली असे धरू. मध्यस्थाचे दहा टक्के, म्हणजे ३००, आणि वेष्टण-कुरिअरचे १५० वजा जाता २,५५० हाती येतात. सात टक्के चक्रवाढीच्या ठेवीत त्याच पैशाचे सुमारे २,८०० झाले असते, तेही डबे आणि जेल न घेता. आणि हे झाले भाव चढलेल्या वस्तूचे. बहुतेक वस्तूंचा भाव चढत नाही. खेळणी आवडतात म्हणून घ्यावीत आणि त्यांना खर्चच म्हणावे.

नोंदवही ठेवणे कंटाळवाणे काम आहे, पण विम्याच्या वेळी तीच उपयोगी पडते. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर आणि दरड धरलेली आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. दुर्मीळ आणि कलात्मक वस्तूंसाठी मात्र मूल्य आधी मान्य करून घेऊन वेगळे संरक्षण घ्यावे लागते. बिल, छायाचित्र, खरेदीची तारीख आणि किंमत यांची एक प्रत फोनच्या बाहेर, शक्यतो गावाबाहेरच्या नातलगाकडेही असावी. पुरात वही आणि फोन दोन्ही एकदमच जातात.

फळीवरून काढलेल्या वस्तू विकणे, बदलणे किंवा देणे हे तीन मार्ग उरतात. बदली सर्वांत स्वस्त, कारण तिच्यात दलाली नसते. अंगणवाडीला किंवा शेजारच्या मुलांना देताना अलीकडची, आयएसआय चिन्ह असलेली खेळणीच द्यावीत. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि सुटे झालेले लहान भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. अशा वस्तू दुसऱ्या संग्राहकाकडेच जाव्यात.