पहिल्या वर्षाचा पेपर कुणी निवडायचा?

परवा भाचीला सोडायला जिते स्टेशनावर गेलो होतो. दिवा-रोहा मेमू नेहमीप्रमाणं लेट. पोरगी बारावी कॉमर्स पास झालेली, फर्स्ट इयर बी.कॉम.ला नाव घातलेलं. मोबाइलवर कॉलेजचा फॉर्म उघडून बसली होती. म्हणाली, "मामा, ओपन इलेक्टिव्ह भरायचंय. आर्ट्सचं कायतरी घ्यावंच लागतं म्हणे. सोपं कुठलं असतं?"

मी विचारलं, "यादीत काय काय हाय?"

"बघितलं नाही. सगळ्या पोरी घेतायत तेच घेते. त्यात मार्क पडतात."

गाडी आली. ती चढली, गेली. मी फलाटावरच बसून राहिलो. मला तिचा राग आला नाही. राग माझाच आला. कारण माझ्या पहिल्या वर्षाला मीही हेच केलं होतं.

तेव्हा मुंबई विद्यापीठात फाउंडेशन कोर्स होता. फॉर्मच्या खिडकीवर मी नुसता विचारायला गेलो, की अमूक विषय घेता येईल का. खिडकीआडच्या माणसानं माझं आडनाव वाचलं, वर बघितलं नि म्हणाला, "तुम्हाला पास व्हायचंय ना? मग हा घ्या." आणि स्वतःच खूण करून टाकली. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही, अशा खिडक्या गावोगाव होत्या. मी "बरं" म्हणालो. परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच पाठ केला, पास झालो. त्या पेपरातलं आज एक अक्षर आठवत नाही. पण ती खूण आठवते. माझ्या वतीनं दुसऱ्यानं केलेली खूण.

म्हणून ह्या अंकात ह्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीवर लिहितोय. पहिल्या वर्षाचा एक पेपर. त्यात काय एवढं?

आधी व्यवहार समजून घ्या. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं. महाराष्ट्र शासनानं एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा निर्णय काढला. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही ते लागू झालं. आता डिग्री क्रेडिटवर मोजतात. शासनाच्या आराखड्यात एका सत्राला २२ क्रेडिट. पहिल्या सत्रात मुख्य विषयाला त्यातले ६. बाकीचे वेगवेगळ्या गटांत वाटलेले: कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञान प्रणालीचे २, आणि ओपन इलेक्टिव्हचे ४. ही ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरची घ्यायची असते. म्हणजे सायन्स-कॉमर्सच्या पोरापोरींना इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य यांचं दार उघडतं ते इथं. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास. आयुष्यात तुम्हाला माणसाच्या समाजाबद्दल वर्गात बसून विचार करायला मिळणार ते हे तास. ते कुठं घालवायचे, एवढाच प्रश्न.

ह्या गटांना सरकारी कागदात बास्केट म्हणतात. हसू आलं मला. आमच्या कोकणात बांबूच्या विणलेल्या सामानाला आयदान म्हणतात. ऊर्मिला पवारांच्या २००३ सालच्या आत्मकथनाचं नावच 'आयदान'. त्यांची आई ते विणायची नि त्यावर घर चालवायची. टोपल्या विणणाऱ्यांच्या आम्ही औलादी. टोपली आम्ही विणायची आणि तिच्यात काय भरायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, हा जुना रिवाज. आता ही नवी टोपली हातात आलीय. तिच्यातही दुसऱ्यानंच भरायचं का?

आणखी एक गोष्ट बघा. ह्याच धोरणात बाहेर पडायची दारं ठेवलीत. एक वर्षानं बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. कागदावर ही सोय आहे. पण एक वर्षानं बाहेर कोण पडणार? ज्याच्या बापाची फॅक्टरी आहे तो पडणार का? पडणार ती कंत्राटी कामगाराची पोर. पडणार तो हमरापूर-जोहेच्या गणपती कारखान्यात रोजानं रंगकाम करणारा पोरगा, कातकरी वाडीवरून पायी येणारी मुलगी. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाचा हा पेपर शेवटचाच पेपर ठरू शकतो. शहाण्यांच्या दृष्टीनं जो टाइमपासचा पेपर, तोच आपल्यातल्या कित्येकांचा समाजाबद्दलचा एकमेव पेपर. तोही आपण 'सोपं कुठलं' म्हणून निवडायचा?

विषय निवडायची गोष्ट आपल्याला नवी नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकायचं होतं. शिक्षकानं अस्पृश्य पोराला संस्कृत शिकवायला नकार दिला. नाइलाजानं त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढं स्वतःच्या कष्टानं शिकले. म्हणजे ह्या देशात विषय निवडणं ही गुणांची नि आवडीची बाब कधीच नव्हती. कुणी काय शिकायचं हे जात ठरवत होती.

आता त्याच माणसाची दुसरी निवड बघा. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. गेले अर्थशास्त्राला. नुसतं अर्थशास्त्र करून डिग्री घेऊन परत येता आलं असतं. त्यांनी काय केलं? तिथल्या नोंदीप्रमाणं अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले. त्याशिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच नि जर्मनची तोंडओळख. जॉन ड्यूईच्या वर्गात जाऊन बसले. आणि ९ मे १९१६ ला, वयाच्या २५ व्या वर्षी, भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध त्यांनी वाचला. कुठं वाचला? गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण जातीची चिरफाड करायचं हत्यार सापडलं ते शाखेबाहेरच्या वर्गात.

आजच्या भाषेत त्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणा. म्हणजे समजेल, हा पेपर किती ऑप्शनला टाकायचा.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांची गोष्ट वेगळी, आमच्या जिते-पेण-रोह्याच्या पोरांना काय त्याचं? मी म्हणतो, आपल्याच पोरांना त्याचं. जरा आजूबाजूला बघा. ह्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. ह्याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. महार नि आगरी, दोघांच्या मानेवर एकच खोत बसला होता, हे तेव्हा उघड झालं. ह्याच जिल्ह्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहावर गोळ्या चालल्या. आणि ह्याच पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ ला २२ गावांच्या शेतकऱ्यांनी जमीन सेझला द्यायची की नाही यावर सरकारी मतदान केलं.

भाची रोज गाडीच्या खिडकीतून ही जमीन बघते. खारी शेती, बांध, मिठागरं, आता उठणारी गोदामं. ही जमीन कुणाची होती, कुणाची झाली, मधे कोण पुसलं गेलं, हे तिला कोण सांगणार? बॅलन्सशीट सांगणार नाही. म्हणून कॉमर्सच्या पोरीला इतिहास पाहिजे. सायन्सच्या पोराला समाजशास्त्र पाहिजे. जमीन ताब्यात घ्यायची नोटीस घरी आली तर ती वाचून समोरच्याला चार प्रश्न टाकता आले पाहिजेत, म्हणून राज्यशास्त्र पाहिजे.

नोकरीचं काय, असं विचाराल. रास्त आहे. पोट आधी. पण स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याला इतिहास, राज्यघटना, भूगोल चुकत नाही. क्लासवाल्याला हजारो रुपये मोजून जे पुढं शिकणार, त्यातलं काही आत्ता क्रेडिटसकट मिळतंय. आणि नोकरी लागल्यावर साहेब आडनाव वाचून वर बघेल तेव्हा काय करायचं, ते क्लासवाला शिकवत नाही.

भारतीय ज्ञान प्रणालीच्या दोन क्रेडिटबद्दलही बोलू. त्या पेपरावर नाक मुरडून बसू नका. तो घ्या नि आपला प्रश्न घेऊन आत जा. ज्ञान म्हणजे पोथीतलं तेवढंच का? बुद्ध, चार्वाक त्यात आहेत का? चोखोबा, तुकोबा, जोतिबा आहेत का? खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालणाऱ्यांचं ज्ञान, कातडं कमावणाऱ्यांचं, बांबू तासून आयदान विणणाऱ्यांचं ज्ञान कुठल्या युनिटात आहे? नसेल तर वर्गात उभं राहून विचारा. असाइनमेंटला तोच विषय मागा. आपली आजी तुमचा संदर्भग्रंथ आहे. तिच्याकडं जाऊन बसा, लिहून घ्या.

जगात हे कुणी केलंय का? केलंय. आपल्या पँथरनं १९७२ साली ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या पोरांनी केलंय. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ विद्यार्थ्यांनी संप केला. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मागणी एकच नव्हती, पण मुख्य मागणी ही, की आमचा इतिहास आम्हाला शिकवा. त्यातून तिथं एथनिक स्टडीजचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. आणि २०२० साली कॅलिफोर्नियानं कायदा केला, की त्यांच्या स्टेट युनिव्हर्सिटीतल्या प्रत्येकानं, काळा असो गोरा असो, पदवीसाठी ह्यातला एक कोर्स केलाच पाहिजे. पन्नास वर्षं लागली. पण जो पेपर मागून मिळत नव्हता तो सक्तीचा झाला. आपल्याकडं मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४, सोळा वर्षं गेली, घरं जळली, माणसं गेली. नाव मिळालं. आता नावाच्या आतल्या पेपरांकडं बघायची पाळी आपली.

रात्री भाचीचा फोन आला. "मामा, यादी बघितली. यादीत सहा विषय हायत. पण ऑफिसात विचारलं तर म्हणाले, दोनच चालू होतील, बाकीला सर नाहीत."

हीच खरी मेख आहे. निवड कागदावर, वर्ग कुलपात. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत, तासिका तत्त्वावर माणसं राबवायची, आणि पोरांना म्हणायचं, घ्या, स्वातंत्र्य! गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत स्टेशनावर बसणाऱ्या पोरीला कॉलेज बदला म्हणून सांगणं सोपं आहे. म्हणून निव्वळ शहाणपणानं निवडा एवढं सांगून भागत नाही. मागावं लागेल.

तर दोस्तहो, फॉर्म भरायच्या आधी एवढं करा.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या पेपराचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. नावावर जाऊ नका, युनिट वाचा. जात, स्त्री, श्रम, जमीन, संविधान हे शब्द कुठं येतात ते बघा.

कोण शिकवतं ते सीनियरला विचारा. प्रश्न विचारला तर चिडणारा की खूश होणारा, एवढं कळलं तरी पुरे.

उत्तरं मराठीत लिहिता येतात का, तास गाडीच्या वेळेत बसतो का, हे आधीच पक्कं करा. हाजिरी कमी पडली म्हणून स्कॉलरशिप अडकली तर पेपर कितीही चांगला असो, काय करायचाय?

पाहिजे तो विषय बंद असेल तर एकट्यानं जाऊ नका. दहा-पंधरा सह्यांचा अर्ज प्राचार्यांना द्या, पोच घ्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यावर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांना गाठा. 'स्वयम्'वरचा कोर्स क्रेडिटला धरता येईल का, तेही लेखी विचारा.

आणि त्या खिडकीवर कुणी तुमच्या वतीनं खूण करायला लागला तर पेन त्याच्या हातातून काढून घ्या.

बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याला पुढं नाव दिलं मिलिंद. मिलिंद हा राजा होता, पण लक्षात राहिला तो नागसेन भन्तेंना प्रश्न विचारत सुटला म्हणून. कॉलेजच्या दारावर बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचं नाव लावलं. आपण पास होणाऱ्यांच्या यादीत तर येऊच. विचारणाऱ्यांच्या यादीत यायचं की नाही, हे ह्या पेपरापासून सुरू होतं.

भाचीनं इतिहासासाठी अर्ज लिहायला घेतलाय. सह्या आजपर्यंत नऊ झाल्यात. वर्ग सुरू होईल की नाही माहीत नाही. पण तिनं "सोपं कुठलं" हे विचारायचं सोडलंय.

तुमच्या कॉलेजची यादी आम्हाला कळवा. कुठले विषय छापलेत नि कुठले चालू आहेत, दोन्ही. पुढच्या अंकात छापू.

जयभीम.