वानप्रस्थाचा आठवडा

उधन्याच्या आपल्या वस्तीत निवृत्तांची संख्या आता डोळ्यांत भरण्याजोगी झाली आहे. ताप्ती मार्गाच्या गाडीने खानदेशातून जी माणसे गिरण्यांत, यंत्रमागांवर आणि मराठी शाळांत पोटासाठी आली, त्यांची दुसरी पिढीही साठीला टेकली. अठ्ठावन्नाव्या वर्षी सत्काराची शाल व श्रीफळ घेऊन गृहस्थ घरी येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला जावे कोठे हे त्यास उमजत नाही. दुधाची पिशवी आणावी, नातवास शाळेतून घरी न्यावे, देवळाच्या ओट्यावर बसून सरकारची कुंडली मांडावी. एवढ्यावर वीस वर्षे काढावयाची असतात. वानप्रस्थ आपल्या ग्रंथांत आहे, वस्तीत त्याची खोली कोणी बांधलेली नाही.

या संदर्भात एका परक्या रीतीची माहिती वाचकांस द्यावी असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे मुख्य पीठ असलेला एक ख्रिस्ती पंथ आहे. १८३० साली स्थापन झालेल्या या पंथाच्या अनुयायांस लोक मॉर्मन म्हणतात. त्यांची तरुण मुले दोन वर्षे घर सोडून धर्मप्रसारास जातात हे पुष्कळांस ठाऊक असते. वृद्ध जोडपीही जातात, हे थोड्यांस. मुले मार्गी लागली, पदरी कोणी उरले नाही, प्रकृती बरी आहे, अशी जोडपी आपण होऊन अर्ज करतात. सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने, अशी मुदत पत्करता येते. वेतन नाही; उलट खर्च स्वतःच्या निवृत्तिवेतनातून करावयाचा. परदेशी घरभाड्याचा भार फार होऊ नये म्हणून २०११ साली त्यास तेवढी कमाल मर्यादा ठरवून देण्यात आली. सेवेत असता पुरुषास ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ, आणि स्त्रीस ‘सिस्टर’ म्हणावयाचे. गंमत अशी, की मिसरूडही न फुटलेल्या अठरा वर्षांच्या पोरासही तेथे ज्येष्ठच म्हणतात.

सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे झोळी आणि प्रवचन उभे राहते. या जोडप्यांचा आठवडा मात्र पुष्कळदा शाळेच्या कारकुनासारखा असतो, आणि कारकुनावाचून शाळा कशी बंद पडते हे आमच्याइतके कोणास ठाऊक? तरुण सेवकांच्या खोल्यांचे भाडेकरार, विजेची बिले, प्रवेशपरवान्यांचे कागद, हिशेबाच्या वह्या हे सारे आजोबा सांभाळतात. मधूनच दोघे त्या खोल्यांची तपासणी करावयास निघतात. शेगडी घासली आहे काय, न्हाणीघरात शेवाळ साचले आहे काय, हे आजीबाई पाहतात. आणि रागावून झाल्यावर पिशवीतून खाऊचा डबा काढतात. कोणी इंग्रजी शिकवितो, कोणी साहाय्यकार्यात चाकांच्या खुर्च्यांच्या वाटपावर देखरेख ठेवतो. कोणी जुन्या दप्तरांची पाने एकेक करून चित्रांकित करीत बसतो. या शेवटच्या कामामागे त्यांची एक श्रद्धा आहे. मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजाने संस्कार घेता येतो असे ते मानतात, म्हणून त्यांस वंशावळी हव्या असतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही चित्रे या पंथाच्या संस्थेने घेतलेली आहेत. त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या बाडात पणजोबांचे नाव शोधलेल्या आपल्या वाचकांस यात नवल वाटू नये.

आठवड्यातला एक दिवस धुणे, बाजार आणि घरच्या पत्रासाठी असतो; तो बहुधा सोमवार. पूर्वी पत्रास आठवडे लागत, आता पडद्यावर चेहरा दिसतो. परंतु युटात रात्र तेव्हा हिंदुस्थानात सकाळ. नातवंडे झोपेने पेंगुळलेली, आणि इकडे आजी न्याहारीची भांडी बाजूस सारून त्यांच्याशी बोलत आहे. मागे जन्मलेले नातवंड मांडीवर घ्यावयाचे ते बहुधा मुदत संपल्यावर. आपल्याकडेही जोडपी सहा महिने अमेरिकेस जातात. पण ती बहुधा लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी. तेथे नातवंडासाठी समुद्र ओलांडतात, येथे नातवंडास मागे ठेवून.

चहा, कॉफी, मद्य, तंबाखू या पंथास वर्ज्य आहेत. उधन्यासारख्या गावी, जेथे चहा नाकारणे म्हणजे घराचा अपमान, तेथे अशा जोडप्याची काय धांदल उडेल याची कल्पना करवत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण टाळून त्याचे पैसे गरिबांसाठी देण्याची त्यांची रीत आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या आपल्या घरांतून हा हिशेब एकदा मांडून पाहण्याजोगा आहे.

आता शंका येईल, की हे सारे अखेर धर्मांतरासाठीच ना? शंका रास्त आहे. या पंथाचे स्वतंत्र केंद्र १९९३ पासून बेंगळूर येथे आहे, आणि आपला पंथ वाढावा ही इच्छा ते लपवीत नाहीत. सेवेच्या पाठीमागे धर्मांतराचा हेतू असू नये असे महात्माजींचे स्पष्ट मत होते; आमचेही तेच आहे. मात्र हेतूवर आक्षेप घेणाऱ्याने आपला आठवडा कोणासाठी खर्ची पडतो हेही सांगितले पाहिजे, नाही तर तो आक्षेप ओट्यावरचाच राहतो.

आपल्यात उदाहरणेच नाहीत असे नव्हे. १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे १९९० साली, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, ते सोडून मध्य प्रदेशात बडवानीजवळ नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांस बसवत नसे. उभे राहावे किंवा पडून राहावे एवढेच. साधनाताईही त्यांच्याबरोबर गेल्या. चाळीस वर्षांचे भरले घर सोडून त्यांनी त्या वयात नव्याने चूल मांडली. सरदार सरोवराविषयी त्यांचे मत गुजरातेत बहुतेकांस पटले नाही. नर्मदेचे पाणी पिणाऱ्या मुलुखात राहून आम्ही तो वाद येथे उकरीत नाही. आम्हांस दिसते ती साधनाताईंची दुसरी चूल.

एवढे मोठे धाडस सर्वांस झेपणार नाही, हे उघड आहे. परंतु उधन्याहून निघणारी गाडी काही तासांत नवापुरास पोहोचते. त्या स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. आसपासच्या आदिवासी गावांतील मुलांस पहिली-दुसरीचे वाचन-गणित शिकविण्यास निवृत्त शिक्षकाहून योग्य माणूस कोणता? मुदत सहा महिने नको, सहा आठवडे धरू. हा बेत आम्ही घरी बोलून दाखविला, तेव्हा सौभाग्यवतींनी प्रथम तेथे राहण्याची सोय काय, पाणी नळाचे की हातपंपाचे, हे विचारले. रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवसांच्या घ्याव्या लागतील तेही विचारले. मग पंचांग काढून दिवाळीच्या सुटीनंतरचे आठवडे त्या मोजू लागल्या.