छायाचित्रालाही तपशील हवा

जमाखर्चाची वही हाताळणाऱ्या प्रत्येकास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. रक्कम कितीही अचूक मांडली, तरी तिच्यासमोर तपशील लिहिलेला नसेल, तर ती नोंद वर्षअखेरीस डोकेदुखी होऊन बसते. पैसे आले खरे. पण कोणाकडून आणि कशापोटी, हे कोणालाच सांगता येत नाही. आज अनेक व्यापारी पेढ्यांच्या संकेतस्थळांवरील छायाचित्रांची नेमकी हीच अवस्था आहे. माल उत्तम, छायाचित्र देखणे. परंतु ते कशाचे आहे, हे कोठेही लिहिलेले नाही.

वसई पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान गाळ्यांतून नानाविध माल तयार होतो. एके काळी त्याची ओळख दलालाच्या शब्दावर आणि पेढीच्या नावावर चाले. आता दूरच्या शहरातील खरेदीदार प्रथम मोबाइलवर शोध घेतो आणि बहुधा छायाचित्रे पाहूनच दूरध्वनी कोणाला करायचा, हे ठरवितो. ज्याचे छायाचित्र त्या शोधात येत नाही, त्याच्या मालाचा दर्जा तपासण्याची वेळच येत नाही. दोन पिढ्यांनी मिळविलेली पत अशा रीतीने नव्या ग्राहकापुरती शून्य ठरते.

तपशिलाचे मोल याच भूमीने एकदा दाखवून दिले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. दगडांना त्या परिसरात तोटा नव्हता; हा दगड अशोकाचा ठरला, तो त्यावरील ब्राह्मी अक्षरांमुळे. अक्षरे नसती, तर तो इतर दगडांतच पडून राहिला असता.

शोधयंत्राचेही असेच आहे. गूगलने छायाचित्रांचा स्वतंत्र शोध २००१ साली सुरू केला. आज त्याची यंत्रणा चित्रातील वस्तू बऱ्याच अंशी ओळखते. समजा, एका गाळ्यात स्टीलचे डबे बनतात. छायाचित्रात डबा आहे, एवढे यंत्राला उमजेल. तो दहा किलो धान्याचा आहे, पत्रा अमुक जाडीचा आहे, घाऊक भावात मिळतो, हे त्याला केवळ चित्रावरून कळणार नाही. ते शब्दांनीच सांगावे लागते, आणि सांगण्याच्या जागा तीन आहेत.

पहिली जागा फाइलच्या नावाची. कॅमेऱ्याने दिलेले ‘आयएमजी ४५२३’ हे नाव म्हणजे चिठ्ठी नसलेले खोके. त्याऐवजी ‘स्टील-धान्य-डबा-१०-किलो’ असे छोटे, अर्थपूर्ण नाव द्यावे. शब्दांमध्ये आडवी छोटी रेघ असावी. या नावाचा उपयोग थोडाच होतो, पण तो फुकट मिळतो. दुसरी जागा छायाचित्राच्या आजूबाजूच्या मजकुराची. वस्तूचे वर्णन, माप आणि पेढीचा पत्ता त्याच पानावर अक्षरांत असावा. अनेकजण संपूर्ण दरपत्रकच चित्ररूपाने चढवितात. चित्रातील अक्षरे शोधयंत्र नेमकी वाचेल, असा भरवसा धरता येत नाही. शिवाय लहान पडद्यावर ती ग्राहकालाही वाचवत नाहीत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे छायाचित्रामागे लिहिला जाणारा पर्यायी मजकूर, ज्याला ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणतात. ‘झाकणाला कडी असलेला स्टीलचा धान्याचा डबा, क्षमता १० किलो’ एवढे एक वाक्य पुरते. पान ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत ते लिहावे. मात्र ‘डबा, स्वस्त डबा, उत्तम डबा, वसई डबा, विरार डबा’ अशी शब्दांची रास ओतू नये. गूगल अशा भरतीला फसवणुकीच्या खात्यात टाकते आणि लाभाऐवजी पानाची हानी होते.

हा मजकूर मुळात विक्रीसाठी जन्मलाच नाही. चित्र ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी ही सोय आहे. दृष्टिहीन व्यक्तीचा मोबाइल पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. छायाचित्र आले की तो हे वाक्य वाचतो, आणि ते नसेल तर चित्र मुकेच राहते. बँकांच्या डिजिटल केवायसी प्रक्रियेत दिव्यांगांना येणाऱ्या अडचणींसंबंधीच्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. पर्यायी मजकूर लिहिताना एकच कसोटी लावावी : समोर न पाहू शकणारे गिऱ्हाईक बसले आहे, त्याला ही वस्तू कशी सांगाल? त्याला जे प्रामाणिकपणे सांगाल, तेच शोधयंत्रालाही उपयोगी पडते.

शब्दांनंतर वजनाचा विचार. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. पानावर अशी २० छायाचित्रे असली, तर ८० मेगाबाइटचा भार झाला. सेकंदाला ८ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर तो उतरण्यास ८० सेकंद लागतील. ८० सेकंद दारात कोणते गिऱ्हाईक उभे राहील? मोबाइलच्या पडद्याला सुमारे १,२०० पिक्सेल रुंदी पुरते. त्या मापाला आणून ‘वेबपी’ या स्वरूपात जतन केलेले छायाचित्र बहुधा दीडशे किलोबाइटच्या आसपास बसते. मग तीच २० छायाचित्रे ३ मेगाबाइटची होतात आणि ३ सेकंदांत उतरतात. पानावरील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. खाली असलेली छायाचित्रे ग्राहक तेथवर पोहोचल्यावर उघडतील अशी व्यवस्था करता येते. मात्र सर्वांत वरच्या छायाचित्रास ती लावू नये, अन्यथा तेच रेंगाळते. मूळ छायाचित्र नेहमी वेगळे जपून ठेवावे. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत संकेतस्थळावर चढवू नये. तिचा रेखीवपणा वाटेतच झिजलेला असतो.

एक मोह कटाक्षाने टाळावा. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील देखणे छायाचित्र उचलून आपल्या मालासमोर लावणे हा स्वामित्वहक्काचा भंग तर आहेच, शिवाय ग्राहकाशी केलेली लबाडीही आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळणारी असावी लागते. चित्रात एक आणि खोक्यात दुसरेच निघाले, तर माल परत येतो. गेलेला विश्वास येत नाही. आपल्याच गाळ्यात, खिडकीच्या उजेडात, साध्या पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले छायाचित्र अधिक मोलाचे. गूगलच्या नकाशावरील व्यवसायाच्या नोंदीतही गाळ्याच्या दर्शनी भागाचे, फलकासहित छायाचित्र असावे. एकसारख्या दिसणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत टेम्पोचालकाची पायपीट त्याने वाचते.

हे सारे एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नये. सर्वाधिक खपणाऱ्या २० वस्तूंपासून आरंभ करावा. जुन्या फाइलींची नावे सरसकट बदलू नयेत. नाव बदलले की तिचा पत्ता बदलतो, आणि शोधयंत्र छायाचित्रांच्या नव्या पत्त्यांची दखल सावकाश घेते. आधी पर्यायी मजकूर व वजन सुधारावे, नव्या छायाचित्रांना पहिल्यापासून योग्य नाव द्यावे. ‘सर्च कन्सोल’ या गूगलच्या विनामूल्य सेवेत छायाचित्रांच्या शोधातून किती लोक आले, याचा वेगळा हिशेब मिळतो. तो महिन्यातून एकदा पाहिला, तरी पुरे.

राहिला प्रश्न हे काम कोणी करावे याचा. संगणक सून अथवा नातू सहज चालवितात. परंतु पत्र्याची जाडी, कडीचा प्रकार आणि बाजारात त्या मालाला कोणत्या नावाने मागणी येते, हे चाळीस वर्षे पेढीवर बसलेल्या आजोबांनाच ठाऊक असते. बाहेरच्या तंत्रज्ञाला कितीही शुल्क दिले, तरी हे ज्ञान त्याच्याकडून मिळत नाही. रविवारी सकाळी दोन तास दोघांनी एकत्र बसावे. एकाने छायाचित्र दाखवावे, दुसऱ्याने वर्णन सांगावे आणि पहिल्याने ते टंकावे. वीस वस्तूंचे काम जेवणाच्या आत उरकते. संकेतस्थळाला तपशील मिळतो, आणि नव्या पिढीला आपल्याच मालाची नीट ओळख होते.