पिशवीतले पाते

परवा आमच्या कॉलेजातली चार मुले मांजरीला माझ्या घरी आली. दिवाळीच्या सुट्टीत राजगडावर जायचे ठरले होते आणि प्रथमोपचाराला काय काय घ्यावे, हे त्यांना हवे होते. मराठीच्या मास्तराला हे कशाला विचारायचे, असे तुम्ही म्हणाल. पण मी एके काळी गड हिंडलो आहे, ही बातमी कुणीतरी फोडली होती.

मुलांनी जमवलेले सामान ओट्यावर मांडले. एकाने चक्क ऊस तोडायचा कोयता आणलेला. वाट मळलेली, तोडायचे काय, ते त्यालाच ठाऊक! दुसऱ्याने द्राक्षमणी विरळायची कात्री घरातून उचलली होती. तिसऱ्याने डबी उघडली. आत कापूस, आयोडिन आणि कागदात गुंडाळलेले दाढीचे पाते.

“साप चावला तर चीर द्यायला, सर.”

मी गप्प झालो. तसलेच पाते 2000 साली माझ्या खिशात होते. पद्मावती माचीवर तिन्हीसांजेला मित्राच्या घोट्याला साप चावला. मी ऐकलेले सारे इमानाने केले. पोटरी करकचून आवळली, चीर दिली, रक्त चोखून थुंकलो. रात्रभर मला आपण मोठे शूर वाटत होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, विषाचे एकही लक्षण नाही. पण घोट्यातली शीर कापली गेली आहे. जखम पुढे चिघळली. मित्र आजही जिना उतरताना कठडा धरतो. मला मात्र तो कधी एका शब्दाने बोलला नाही.

मुलांना एवढेच सांगितले : चिरू नका, आवळू नका, चोखू नका. अंगठी, पैंजण आधी काढा, कारण सूज चढते. पाय काठीला बेताने बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून खाली आणा आणि 108 ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचे औषध एकच असते आणि ते शिरेतून, दवाखान्यातच द्यायचे. विंचवाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनने कितीतरी जीव वाचवले, पण तेही डॉक्टरच्या हातून.

मग पेटी नव्याने भरली. रुंद क्रेप पट्ट्या, निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, काट्यासाठी चिमटा, ओआरएसच्या पुड्या, हात गळ्यात अडकवायला त्रिकोणी फडके. कात्री बोथट टोकाची हवी. जखमेवरची विजार कापताना कातडीत घुसत नाही. द्राक्षाची कात्री अणकुचीदार, ती बागेतच बरी. कांद्याला आणि दोरीला घडीचा चाकू पुरे.

कोयता मुले माझ्याच ओट्यावर ठेवून गेली. पाते मी मागून घेतले.

रात्री मित्राला फोन करून यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, “माणशी एक काठी लिही. उतरताना लागते.”