भिंतीबाहेरची आग

भोर तालुक्यातील आंबवडे येथील नागेश्वराचे मंदिर दगडी आहे आणि त्या परिसरातील जुनी घरे दगडमातीची. अशा घरांना आग लागे ती छपराला, गंजीला किंवा आतल्या लाकूडसामानाला. भिंतच पेटली, असे कोणी ऐकले नव्हते. ती अपूर्वाई आधुनिक बांधकामाने घडवून आणली. शहरांतील कचेऱ्या, रुग्णालये आणि दुकानांच्या इमारती यांच्या दर्शनी भागावर चकचकीत पत्र्याचे आवरण चढले आणि आता तालुक्याच्या गावांतील पतसंस्था व कापडदुकानेही त्याच थाटात सजू लागली आहेत.

बाजारात ‘एसीपी’ या नावाने मिळणारे हे आवरण म्हणजे अॅल्युमिनियमचे दोन अतिशय पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये भरलेला गाभा. स्वस्त प्रकारात हा गाभा पॉलिएथिलीनचा, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होतात त्याच जातीचा असतो. महागड्या प्रकारात खनिज द्रव्य मिसळलेले असल्याने तो सहजासहजी पेट घेत नाही. भिंतीवर एकदा बसविल्यावर मात्र हे दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात, आणि खरी गोम येथेच आहे. शिवाय आवरण व भिंत यांच्यामध्ये पोकळी राहते. खालच्या मजल्यावर ठिणगी पडली की ही पोकळी धुराड्याचे काम करते.

लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला असेच आवरण २०१६ साली नूतनीकरणात मिळाले होते. १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात लागलेली आग बाहेरच्या भिंतीने अर्ध्या तासाच्या आत माथ्यापर्यंत पोहोचली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी तेथील सरकारने १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींवर ज्वालाग्राही सामग्री वापरण्यास बंदी घातली. माणसे मेल्यावाचून नियम सुचत नाहीत, हा दोष केवळ आपलाच नाही, एवढेच समाधान.

मुंबईने याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली आहे. जुलै २०१४ मध्ये अंधेरीतील लोटस बिझनेस पार्क या काचेने मढविलेल्या उंच इमारतीत आग लागली, तेव्हा धूर बाहेर पडण्यास वाट मिळेना. जवान गच्चीवर अडकले आणि अग्निशमन दलाचा एक जवान कामी आला. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने काचेच्या दर्शनी भागांत दर मजल्यावर, दहा मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता, बाहेर उघडणारी झडप असावी आणि मजल्याची स्लॅब व काच यांमधील फट अग्निरोधक द्रव्याने बुजवावी, असे सांगितले. तरतूद उत्तम आहे. पण ती नकाशावर पाहिली जाते. इमारत उभी राहिल्यावर, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि मग एखाद्या दुकानदाराच्या हौसेखातर जे काही बाहेरून ठोकले जाते, त्याकडे पाहायचे कोणी?

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. त्यात नळ, पंप आणि धोक्याच्या घंटा चालू असल्याची ग्वाही दिली जाते. बाह्य आवरण कोणत्या गाभ्याचे आहे आणि ते केव्हा बदलले, या दोन गोष्टींची नोंद याच प्रमाणपत्रात सक्तीने करविणे शासनाला अवघड नाही. त्यासाठी नवे खाते काढावे लागत नाही. नोंद खोटी निघाल्यास मालकाबरोबरच परवानाधारकालाही जबाबदार धरले पाहिजे. एरवी कागद तेवढे जाडजूड होतील. आवरण बदलणे ही रंगकामासारखी किरकोळ दुरुस्ती न मानता तिला स्वतंत्र परवानगी लावावी, हे त्याहूनही निकडीचे आहे.

खर्चाची तक्रार होईल, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. जुन्या इमारतींवरील आवरण काढण्याचा बोजा सदनिकाधारकांनी सोसावा की बिल्डरने, यावरून इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे वाद चालले. म्हणूनच भोरसारख्या तालुक्यांत, जेथे ही हौस अजून नवी आहे आणि उंच शिडीचा बंब वेळेवर पोहोचेल अशी आशा धरणे कठीण आहे, तेथे पहिला पत्रा ठोकण्यापूर्वीच त्याचा गाभा तपासणारा नियम लागू व्हावयास हवा.