हिशेबाबाहेरचा कोबाल्ट

तारापूरच्या एकाच आवारात चार अणुभट्ट्या आहेत. त्यांपैकी १९६९ साली अमेरिकी साहाय्याने सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या व्हिएन्नास्थित आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षणाखाली आहेत, तर देशी बनावटीच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीला ते निरीक्षण लागू नाही. ही विभागणी करारांतून झाली असून धोक्याच्या मोजमापाशी तिचा संबंध नाही. ‘सेफगार्ड्स’ नावाच्या या व्यवस्थेत नोंदवह्या तपासून, मोहोरा लावून आणि कॅमेरे बसवून निरीक्षणाखालील युरेनियम वा प्लुटोनियम शस्त्रांकडे वळवले गेले नाही, एवढीच खातरजमा केली जाते. आठ किलो प्लुटोनियमचा हिशेब लागला नाही, तर त्यातून एक बॉम्ब बनू शकतो असे ती धरून चालते. येथे संशय असतो तो शासनावर.

चोर, घातपाती आणि निष्काळजी माणसे यांच्यापासून किरणोत्सारी द्रव्य राखणे हे मात्र निराळे काम असून ते ज्याच्या त्याच्या देशावर सोपवलेले आहे. मराठीत दोन्हींसाठी ‘सुरक्षा’ हा एकच शब्द वापरला जात असल्याने पहिलीची चर्चा झाली की दुसरीही झाली, असा समज होतो. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून पडून असलेले गॅमा किरणांचे उपकरण २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले, मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले आणि आतील कोबाल्ट-६०च्या किरणोत्सर्गाने एकाचा बळी घेऊन सात जणांना जायबंदी केले. या कोबाल्टची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. म्हणजे १९८५च्या तुलनेत जेमतेम सत्ताविसावा हिस्सा उरला असतानाही ते प्राणघातक ठरले. कोबाल्टपासून अणुबॉम्ब बनत नसल्याने सेफगार्ड्सच्या वहीत त्याला जागा नव्हती, आणि उपकरणाची खरेदी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या १९८३मधील स्थापनेआधीची असल्याने देशांतर्गत नोंदीतूनही ते निसटले.

ज्या देशात धातूची वस्तू टाकून न दिली जाता भंगारवाल्याकडे जाते, तेथे परवाना देऊन नियामकाचे काम संपत नाही. किरणस्रोत विकत घेतानाच तो परत पाठवण्याचा खर्च अनामत म्हणून घेणे, जुन्या संस्थांची अडगळ मोजणे आणि भंगार बाजाराच्या वेशीवर किरणमापक बसवणे ही कामे व्हिएन्नाहून येणारे निरीक्षक करणार नाहीत. ती देशातल्याच यंत्रणांनी करायची आहेत.