हिस्सा मोजायचा तो संपूर्ण जमिनीवर



मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींचे आराखडे जेव्हा जेव्हा मांडले जातात, तेव्हा त्यांत उद्याने असतातच. पण ती कायद्याने आधी बांधून घेतली नाहीत तर त्यांचे काय होते, हे कापड गिरण्यांच्या गिरणगावाने पाहिले आहे. सुमारे ६०० एकर गिरणी जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला: एक तृतीयांश जागा पालिकेला मोकळ्या मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड, खाती आणि गोदामांनी भरलेल्या गिरणीच्या आवारात अशी जमीन असणार किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हणून ‘आधी घरे, मग बागा’ हा आक्षेप मला पटत नाही. मैदाने आणि परवडणारी घरे ही एकमेकांची स्पर्धक कधीच नव्हती. एकाच दुरुस्तीने दोन्हींचा घास घेतला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. याच बंदर-जमिनींवरील दारूखान्यात वर्षानुवर्षे जहाजे तोडली गेली. तेल, रंग, ॲस्बेस्टॉस यांनी बिघडलेल्या मातीत उद्यान कसे करणार? जर्मनीत डुइसबुर्गच्या मायडरिश भागातील लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला, तेव्हा हाच प्रश्न होता. भूदृश्यरचनाकार पीटर लाट्झ यांनी झोतभट्ट्या पाडल्या नाहीत. अतिदूषित माती कारखान्याच्याच आवारात बंदिस्त केली, इतरत्र झाडोऱ्याला वाढू दिले. सुमारे १८० हेक्टरांचे ते उद्यान १९९४ मध्ये खुले झाले. आज तिथे लोक झोतभट्टीवर चढतात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर प्रस्तरारोहण शिकतात आणि पाण्याने भरलेल्या जुन्या वायुटाकीत पाणबुडे सराव करतात. इतके दूर जायचे नसेल तर धारावीलगत मिठी नदीच्या काठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावे. ते कचराभूमीवर उभे आहे. शिवाय माती विषारी असेल तर ती इमारतींसाठीही विषारीच. तळघरांसाठी ती खोल उकरून वर माणसांना कायमचे राहायला घालणे उद्यानापेक्षा जास्त धोक्याचे आहे.

बंदराची जमीन महाग आहे हे खरे, पण ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. गिरण्यांसारखे खासगी मालक इथे आडवे येत नाहीत. दारूखान्यातील श्रमिक वस्त्यांचे पुनर्वसन त्याच परिसरात आणि सर्वांत आधी व्हायला हवे. त्यांना हुसकावून केलेली बाग सार्वजनिक म्हणता येणार नाही. म्हणून मोकळ्या जागेचा हिस्सा संपूर्ण जमिनीवर मोजावा, तो पाण्याच्या कडेने सलग असावा आणि जनसुनावणीशिवाय त्याची व्याख्या बदलता येऊ नये, असे आराखड्याच्या अधिसूचनेतच लिहावे. जुनी गोदामे, धक्के आणि याऱ्या यांची नोंद पाडकामाच्या निविदा निघण्यापूर्वी पूर्ण करावी.

– एक वाचक, मुंबई